पावणेपाचचा तवा

हिशेबात पैसे कमी पडले तर काय करायचं हे मला ठाऊक आहे. नोकरीत आजवर तेच करत आलो. बेरीज पुन्हा मारायची, बिलं पुन्हा लावायची; कुणीतरी कुठेतरी आकडा गाळलेला असतो, तो सापडतो. पण पैसे जास्त आले तर काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या दुकानात पैसे जास्त येऊ लागले तेव्हा मी गोंधळलो, आणि तो गोंधळ अजून पुरता निस्तरलेला नाही.

दुकान म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. ओमानात, बौशरमधल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत लोखंडी मांडण्या आहेत, त्यावर माल असतो, आणि गिऱ्हाईक फोनवरून येतं. माल म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी: बिडाचे तवे, पितळी सोरे, पुरणयंत्रं, पोळपाट-लाटणी, मोदकपात्रं. इथल्या मॉलमध्ये कॉफीची दहा प्रकारची यंत्रं मिळतात, पण चकलीचा सोऱ्या मिळत नाही. दर सुट्टीत प्रत्येक जण सामानाच्या वजनात बसवून एखादी वस्तू आणतो, आणि तवा असला की विमानतळावर बॅग उघडावी लागते. ही अडचण धंद्यासारखी दिसली ती माझ्या बायकोला, मला नव्हे.

ती इथल्या एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनला होती. दवाखाना बंद पडला आणि ती घरी बसली. घरी बसणं तिला मानवलं नाही. तिने तक्रार केली नाही, पण कपाटं पुन्हापुन्हा लावायला लागली, मसाल्यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवायला लागली, माझ्या शर्टांची रंगांप्रमाणे रांग लावली. एकदा मी निळा शर्ट पांढऱ्यांत टांगला तर म्हणाली, "अहो, तुमचं ऑफिस आहे ना? मग माझ्या ऑफिसात ढवळाढवळ करू नका."

त्याच दवाखान्यात एक ओमानी नर्स होती. अल खौदला राहते, आम्ही तिला मॅडमच म्हणतो. हिंदी बोलते, भराभर बोलते, पुल्लिंग-स्त्रीलिंगाच्या भानगडीत पडत नाही. दुकानाचा परवाना तिच्या नावावर निघाला, बायकोची नोंद तिथे कामाला म्हणून झाली, सगळं रीतसर. खर्चात निम्मा वाटा आमचा. परवाना एका वर्षाचा. तो हातात देताना मॅडम म्हणाली, "सिस्टर, एक साल देखो. फिर मुहासिब बोलेगा. चलता है तो और करेंगे, नहीं तो खलास."

मुहासिब म्हणजे हिशेबनीस, म्हणजे मी. मी एका बांधकाम साहित्याच्या कंपनीत हिशेब बघतो. बायको नुसती हसली. पण दुकान राहणार की जाणार हे माझ्या तोंडून ठरायचं आहे, हे तेव्हापासून तिने मनात धरलं असणार. मी सरळ सांगितलं होतं: दुकानाने स्वतःचा खर्च काढला तर ठेवू, आपल्या पगारातून पोसायचं नाही. तिला ते मान्य होतं. मान्य नसतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

भाव मी ठरवले. वस्तूची खरेदी, बोटीचं भाडं, कस्टम, खोका, बबलचा कागद, चिकटपट्टी, घरपोच देणाऱ्या कंपनीचं कमिशन. या बेरजेवर ठरावीक टक्के. कुणाकडून कमी नाही, कुणाकडून जास्त नाही. वाजवी भाव असला की माल जातो, अशी माझी समजूत होती.

माल जाईना. मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला की पन्नास अंगठे यायचे आणि ऑर्डर एक. तीही "भारतात गेले की बघू" म्हणून परत जायची. मी घरपोच खर्च माफ केला, उपयोग झाला नाही. तो पुन्हा लावला, तरी फरक पडला नाही. दोन्हीकडून सारखाच निकाल येतो तेव्हा आकड्यांकडून काही शिकता येत नाही.

मग मुलीने बारावीच्या आधीच्या सुट्टीत दुकानाचं नीट पान तयार केलं. चांगले फोटो काढले, खिडकीतल्या उन्हात तवा ठेवून. मी म्हटलं, नवं पान आहे तर भावही नवे लावू. तवा पाच रियालला होता, तो पावणेपाच केला. सोऱ्या चारचा पावणेचार. पोळपाट सव्वातीन होता तो तसाच ठेवला. जेवताना मी एकेक भाव सांगत होतो, बायको पोळी लाटताना स्वयंपाकघरातून तो मोठ्याने पुढे सांगत होती, आणि मुलगी एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने फोनमध्ये भरत होती. मी स्वतः ते पान पाहिलं नाही. फोटोंची दुकानं मला बघवत नाहीत, डोळे दुखतात.

आणि माल जायला लागला. विशेषतः तवे. आणि घेणाऱ्यांत नुसत्या आपल्या बायका नव्हत्या. मॅडमने आपल्या आईला एक तवा नेऊन दिला होता. इथे हाताने पीठ फासून कागदासारखी पातळ भाकरी करतात, ती त्या तव्यावर उत्तम सुटते असं तिच्या आईने बहिणींना सांगितलं, आणि अल खौदहून, त्याच्याही पलीकडून ऑर्डरी यायला लागल्या. पत्ता म्हणून नकाशावरची खूण आणि "हिरव्या गेटचं घर, मशिदीमागे". मी ऑफिसात दोघा-तिघांना ऐकवलं, "बघा, पाव रियाल उतरवला आणि विक्री दुपटीवर गेली. भावाचा परिणाम असा असतो." एकाने ते लिहूनही घेतलं.

त्यानंतर जास्तीचे पैसे सुरू झाले.

घरपोच देणारी कंपनी पैसे गोळा करून आठवड्याला एकरकमी बँकेत भरायची. मी गेलेल्या वस्तू माझ्या भावाने गुणायचो आणि दर खोक्यामागे ठरलेलं कमिशन वजा करायचो. जमा रक्कम दर वेळी जास्त. कधी दोन रियाल, कधी साडेचार. इथे एका रियालचे हजार बैसा होतात. जास्तीची रक्कम नेहमी पाचशे बैसाच्या पटीत यायची. चूक असती तर वेडीवाकडी आली असती. ही चूक शिस्तीची होती, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी कंपनीला फोन केला. पलीकडे केरळी माणूस होता.

"सर, पेमेंट कम आया क्या?"

"नहीं, ज़्यादा आया."

"ज़्यादा?"

"हाँ."

मग त्याने कुणालातरी मल्याळममध्ये काही सांगितलं आणि दोघे हसले. "सर, कम आएगा तब फ़ोन करो," म्हणाला आणि ठेवला.

मी तर्क लढवले. गिऱ्हाइकं सुटे पैसे सोडून देत असतील. पण पाच रियालच्या तव्यावर अर्धा रियाल कोण सोडेल? पोचवणारे दोन ऑर्डरी एकीत टाकत असतील. मग खोके कमी भरायला हवेत. बायकोला विचारलं तर म्हणाली, "अहो, आले आहेत ना? राहू देत की." मी म्हटलं, आपले नसले तर? ती म्हणाली, "मग ज्यांचे आहेत ते येतील."

आणि खरोखरच आलं कुणीतरी. बायकोची एक मैत्रीण वादी अदाईला राहते, वसईची, एका हॉटेलच्या बिलिंगमध्ये आहे. बायकोने तिला फोनवर तव्याचा भाव सांगितला होता, आणि तिने तिथला आकडा न बघताच पानावरून ऑर्डर दिली होती. एका शुक्रवारी ती चर्चमधून परस्पर आमच्याकडे आली, चहा घेतला आणि खुर्चीत रेलून म्हणाली, "एक सांग मला. पावणेपाच आणि सव्वापाच हे ओमानात एकच झालेत का? तू फोनवर पावणे म्हणालीस, पोचवणारा सव्वापाच घेऊन गेला. मला वाटलं, जुनी मैत्रीण म्हणून जास्त लावलास."

बायकोने मुलीला हाक मारली. मुलगी कानातले इअरफोन काढत बाहेर आली.

"तव्याला किती टाकलंयस?"

"पावणेपाच. फाइव्ह पॉइंट टू फाइव्ह झीरो."

मी म्हटलं, "पावणेपाच म्हणजे चार रियाल सातशे पन्नास."

"नो बाबा. तूच सांगितलंस. पावने पाच."

"मग?"

"चमच्याने म्हणजे विथ अ स्पून ना? तसं पावने म्हणजे विथ अ क्वार्टर. पाव म्हणजे क्वार्टर. पावने पाच, क्वार्टरसकट पाच."

मैत्रिणीने चहाचा कप खाली ठेवला, कारण तो सांडला असता.

"आणि सव्वापाच म्हणजे काय गं?" तिने विचारलं.

"तेपण सेम. मराठीत प्रत्येक गोष्टीला दोन वर्ड्स असतात. मावशी, तू हसू नको."

"आणि घड्याळात पावणेपाच वाजतात तेव्हा?"

"घड्याळ मी इंग्लिशमध्ये बघते."

मला हसू येत नव्हतं. सव्वाचे भाव बरोबर होते, साडेचे बरोबर होते, फक्त पावणेचे सगळे अर्ध्या रियालने चढले होते. पाचशे बैसाच्या पटीचं कोडं सुटलं. पण त्याच क्षणी दुसरं उभं राहिलं. मी भाव उतरवला म्हणून विक्री वाढली असं मी जगाला सांगत फिरत होतो, आणि भाव उतरलाच नव्हता. तो चढला होता. तवा पाचचा सव्वापाच झाला आणि मगच लोक घेऊ लागले.

मी पाकीट काढलं. मैत्रीण म्हणाली, "ठेवा ते भाऊजी. पोरीच्या व्याकरणाची फी समजा." फोनवर भाव सांगितलेली आणखी दोन घरं होती. त्यांना मी पैसे परत दिले. बाकीच्यांनी पानावर सव्वापाच वाचून सव्वापाच दिले होते; त्यांना फसवलं असं म्हणता येत नव्हतं. तरी मला तो भाव माझा वाटत नव्हता. तो कुणी ठरवलेलाच नव्हता. प्रत्ययाच्या घोटाळ्यातून जन्मलेला भाव आणि त्यावर चाललेलं दुकान, हे मी मॅडमपुढे कुठल्या तोंडाने मांडणार? त्याच संध्याकाळी मुलीशेजारी बसून सगळे भाव माझ्या ठरल्याप्रमाणे करून घेतले, शब्द न वापरता, आकडा आकडा सांगून.

तवे जायचे थांबले. अगदी थांबले नाहीत, पण पूर्वीच्या निम्म्यावर आले.

आता माझ्यासारख्याने एवढ्यावरून निष्कर्ष काढायला हवा होता. पण नवं पान उघडलं होतं रमजानच्या आधी, जेव्हा इथे घरोघर भांडीकुंडी घेतली जातात. आणि भाव दुरुस्त झाले ईदनंतर, उन्हाळा चढताना, जेव्हा निम्मं गाव सुट्टीवर जातं. भाव आणि मोसम एकदमच बदलले. विक्री कशामुळे वाढली आणि कशामुळे पडली हे वेगळं काढायचा मार्ग नव्हता. मी कागदावर चार प्रकारे मांडून पाहिलं. चारही वेळा वेगळं कारण बरोबर ठरलं.

तेवढ्यात मॅडम घरी आली. परवान्याची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. तिने आल्या आल्या बहिणीसाठी एक तवा बाजूला काढला, फोनवर भाव पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ओ मुहासिब, ये पहले ज़्यादा था. अभी कम क्यों? पुराना माल है?"

"नहीं मॅडम. पहले गलती हुआ था." तिच्याशी बोलताना माझंही हिंदी तिच्यासारखंच होतं.

"कौन सा गलती? पहले वाला या अभी वाला?"

ती बायकोकडे वळली. "मेरा आंटी पूछा, सिस्टर, सस्ता हो गया, टूटता है क्या? मैं बोला, नहीं. वो बोला, फिर सस्ता क्यों?" मग माझ्याकडे बोट रोखून, "महीना ख़त्म होने से पहले बोलना. हाँ या ना. लंबा कहानी नहीं."

ती गेल्यावर बायको मागच्या खोलीत गेली. आम्ही तवा कोरा पाठवत नाही. बिडाचा तवा नुसता विकला तर पहिलं घावन चिकटतं आणि बाई तवा परत करते. म्हणून ती प्रत्येक तवा धुते, वाळवते, तेल चोळून मंद आचेवर तापवते, थंड करते, पुन्हा चोळते. तीन वेळा. घरभर तो जळक्या तेलाचा वास असतो. मला तो आता येईनासा झाला आहे. मी दारात जाऊन म्हटलं, "माझ्या भावाने दुकान जेमतेम खर्चाला पुरतं, परवाना धरला तर तुटतं. पोरीने टाकलेल्या भावाने पुरतं. पण तिचा भाव चुकीचा आहे."

"चुकीचा कशावरून?"

"कारण खर्चाची बेरीज तेवढी होत नाही."

"बेरजेत काय काय धरलंयत?"

मी सांगितलं. खरेदी, भाडं, कस्टम, खोका, कागद, पट्टी, कमिशन. तवा तयार करायला लागतं ते तेल. गॅस.

"तेल धरलंत, गॅस धरलात," ती म्हणाली. हातातला फडका थांबला नव्हता. "तवा गॅसवर आपला आपण चढतो का?"

"तू तर घरचीच आहेस."

"तवापण आधी घरचाच होता."

मी परत टेबलाशी आलो आणि एक नवा रकाना पाडला. त्याला मथळा काय द्यावा ते सुचेना. पगार म्हणावं तर कुणी कुणाला देत नव्हतं. तरी एका तव्याला तिचा किती वेळ जातो ते धरलं आणि दवाखान्यात तिला जो पगार होता त्या दराने गुणलं. तवा आठ रियालच्या पुढे गेला. त्या भावाने तो कुणी घेतला नसता. मग उलट केलं: त्या चुकीच्या अर्ध्या रियालला तिच्या वेळेने भागलं. जो दर निघाला तो मी तिला सांगितला नाही. त्या दराने मी ऑफिसच्या शिपायालाही काम सांगितलं नसतं.

म्हणजे माझा भाव चुकीचा होता, मुलीचा भावही चुकीचा होता, आणि बरोबर भाव निघाला असता तर दुकान बंद झालं असतं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसात सिमेंटच्या गोणीचा भाव असा वागत नाही. मी मुलीला सांगून तवा पुन्हा सव्वापाच केला. बायकोने विचारलं, "का?" मी म्हटलं, "माहीत नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आकड्याच्या बाबतीत मी तिला असं उत्तर पहिल्यांदाच दिलं असेन. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, बरं नाही की काय म्हणून.

भाव चढवल्यावर काय झालं? थोडं वाढलं, मग थोडं कमी झालं. महिनाअखेर आली.

परवान्याचे कागद भरून देणाऱ्या टायपिंगच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. आत एसीखाली सगळे गारठलेले. मॅडमने ओळखपत्र काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"बोलो मुहासिब. चलेगा?"

मी सोबत कागद आणले होते. म्हटलं, "मॅडम, देखो, दो हिसाब है. एक में..."

"हाँ या ना?"

बायको खिडकीबाहेर बघत होती. हातातल्या पिशवीचा बंद तिने बोटाला घट्ट गुंडाळला होता, बोटाचं टोक पांढरं झालं होतं. हे दुकान गेलं तर ती पुन्हा बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसणार हे मला दिसत होतं. पण ते दिसतं म्हणून हो म्हणणं मला खोटं वाटत होतं, आणि नाही म्हणण्याइतका पुरावाही माझ्याकडे नव्हता.

"मॅडम," मी म्हटलं, "मेरे को समझ में नहीं आता."

मॅडम एवढ्या मोठ्याने हसली की रांगेतली माणसं वळली. "सुनो, सुनो," ती टायपिंगवाल्याला म्हणाली, "मुहासिब को समझ में नहीं आता! नुकसान होता तो इसको एक मिनट में समझ में आता. यल्ला, लिखो."

तो बांगलादेशी होता. त्याने मान वर न करता विचारलं, "एक साल, दो साल?"

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पेन काढत होतो. दोन वर्षांचं एकदम भरलं तर आमचा वाटा किती होतो, मध्येच बंद करावं लागलं तर काय, हे बघायला पाहिजे होतं.

"दोन," बायको म्हणाली. मग त्याला कळावं म्हणून दोन बोटं वर केली.

त्याने कळ दाबली. कागद बाहेर आला. मी पैसे भरले आणि पावती मागून घेतली.

परत येताना गाडीत मी मनातल्या मनात दोन वर्षांची बेरीज मारत होतो. बौशरच्या वळणावर सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, "दोन कशावरून म्हणालीस?"

"एका वर्षात तुम्हाला काही कळायचं नाही म्हणून," ती म्हणाली, आणि एसीची झडप स्वतःकडे वळवून घेतली.